बंद गल्लीचा रिपोर्ट

गाड्या मोजणं हे माझं काम आहे. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी नुसतं ‘सिव्हिल इंजिनिअर’ सांगते. पण खरं काम तेच. कुठे नवी इमारत उभी राहायची असली, की तिच्यामुळे आसपासच्या रस्त्यांवर किती भार पडेल ते आधी मोजायचं, रिपोर्ट लिहायचा आणि खाली सही करायची. आमचं ऑफिस साकीनाक्याला, गाळ्यांच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. खाली पत्रे कापायचं वर्कशॉप. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की रविवारी घरी मला उगाच चुकल्यासारखं वाटायचं.

घाटकोपरची फाइल सरांनी माझ्या टेबलावर ठेवली ती जाता जाता.

“छोटं काम आहे गं. चार मजल्यांची जुनी बिल्डिंग पाडून चौदा मजले करायचेत. एवढ्याला रिपोर्ट लागतही नाही. पण समोरच्या सोसायटीने वॉर्ड ऑफिसात तक्रार दिलीय, गल्लीत ट्रॅफिक वाढेल म्हणून. तेव्हा मागितलाय. दोन दिवस मोज आणि आठवड्यात देऊन टाक.”

“आणि वाढणार असेल तर?”

“गल्ली आहे यार ती. हायवे नाही.”

ती गल्ली बाजाराच्या रस्त्यावरून आत वळते, थोडा चढ चढते आणि टेकडीच्या दगडी भिंतीला जाऊन संपते. आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट एकच. दोन्ही कडांना स्कूटर आणि चारचाकी लावलेल्या, मधून एका वेळी एक गाडी जेमतेम जाईल एवढीच फट. मी पहिल्या दिवशी सकाळी जुन्या इमारतीच्या गेटपाशी पॅड घेऊन उभी राहिले. आमच्या तक्त्यात दर पंधरा मिनिटांचा एक चौकोन असतो. त्या वेळात ठरलेल्या रेषेवरून जितक्या गाड्या गेल्या, तितक्या रेघा ओढायच्या. नऊ वाजेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तेवढ्यात वरून हाक आली.

“ए बाय, उन्हात कित्याक उभी रवलंस? वर ये.”

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक म्हातारी कठड्याला धरून बसली होती. मी नको म्हणून हात हलवला. तिने परत बोलावलं. शेवटी मी गेले, कारण वरून अख्खी गल्ली एका नजरेत दिसेल हे माझ्या लक्षात आलं होतं.

जिना उंच पायऱ्यांचा आणि अरुंद होता. वर पोचेपर्यंत मलाच धाप लागली. दार उघडंच होतं. आजी खुर्चीतून उठल्या नाहीत, बाजूला वॉकर ठेवलेला होता. त्यांचे यजमान मिलमध्ये होते, मिल बंद झाल्यावर वॉचमनगिरी करून इथे ही जागा घेतली, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सांताक्रूझला विमानतळावर माल चढवण्याच्या कामावर, सून एका दवाखान्यात रिसेप्शनला. दोघं सकाळी बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत आजी एकट्या. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडून खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, हॉस्पिटलातून चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं, ते शेवटचं.

“दोन वर्सां झाली, मी खाली उतरूक नाय,” त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. “काय लिवतंस?”

“गाड्या मोजतेय, आजी. तुमची नवी बिल्डिंग व्हायचीय ना, त्यासाठी.”

त्यांनी माझ्या पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्हणजे तू होय म्हटलंस तर होतली?”

“तसं नाही. माझा एक कागद असतो, बस.”

“मग होय म्हण गो. लिफ्ट येतली. माका खाली जावक गावतला.”

मी गॅलरीत स्टूल ओढून बसले. त्या दिवसभर त्यांनी मला चहा दिला, दुपारी सुनेने करून ठेवलेली आमटी आणि भात दिला आणि न बघता कोणती गाडी आली ते सांगितलं. नुसत्या आवाजावरून. ही टेकडीच्या सोसायटीतल्या डॉक्टरची, हा गॅसवाल्याचा टेम्पो, ही कुरिअरवाल्याची बाइक, त्याचा सायलेन्सर फुटलाय. मी रेघा ओढत होते. रेघा फार नव्हत्या. संध्याकाळी तक्ता बघितला तेव्हा मला वाटलं, सर बरोबर बोलले. या गल्लीत ट्रॅफिक नाहीच.

समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे बोट करून आजींनी निघताना सांगितलं, की तक्रार तिथल्या गृहस्थांनी केलीय. बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोची किडनी गेली होती आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागायचं. दोन्ही घरांच्या गॅलऱ्या समोरासमोर. गणपतीत मोदक इकडून तिकडे जायचे. तक्रारीचा अर्ज गेल्यापासून बोलणं बंद.

“तेचाय चुकीचा नाय,” आजी म्हणाल्या. “आणि माझाय नाय.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी सकाळी सातलाच गॅलरीत जाऊन बसले. सव्वासातला पाण्याचा टँकर गल्लीत शिरला. त्याच्या मागून मुलांनी भरलेली स्कूल व्हॅन शिरली, वरच्या सोसायटीतली आणखी दोन मुलं घ्यायला. तिच्या मागे एक टॅक्सी. नेमकी त्याच वेळी समोरच्या इमारतीच्या गेटातून एक रिक्षा बाहेर पडून उताराला लागली आणि टँकरच्या तोंडासमोर येऊन थांबली. रिक्षाच्या मागे डॉक्टरांची गाडी येऊन टेकली. बस. पाच गाड्या. कुणालाच पुढे जाता येईना, मागेही जाता येईना. व्हॅनच्या मागची टॅक्सी मागे घ्यावी, तर तोपर्यंत तिच्या मागे भाजीचा टेम्पो उभा राहिलेला.

हॉर्न सुरू झाले, मग थोड्या वेळाने कंटाळून बंद झाले. पहिली पंधरा मिनिटं गेली. मी तक्त्यात त्या चौकोनात शून्य लिहिलं. रेषेवरून एकही गाडी गेली नव्हती. दुसऱ्या चौकोनातही शून्य. तेव्हा माझा हात थांबला. हाच तक्ता मी टेबलावर बसून बघितला असता, तर म्हणाले असते की सकाळी या वेळेला रस्ता अगदी रिकामा असतो. अकरा वर्षं मी असे चौकोन भरत होते. त्यातली किती शून्यं रिकाम्या रस्त्याची होती आणि किती अडकलेल्या, हे मला आता कोण सांगणार होतं?

मी खाली गेले. रिक्षात मागे एक बारीकशा बाई बसल्या होत्या, एप्रिल महिन्यात अंगात स्वेटर, डावा हात शालीत जपून गुंडाळलेला. शेजारी ते गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. माझ्या अंगातलं चमकदार पट्ट्यांचं जॅकेट बघून त्यांनी विचारलं, “तुम्हीच त्या गाड्या मोजणाऱ्या ना?”

“हो.”

“मग मोजा.”

आवाज चढवला नव्हता त्यांनी. तेच मला जास्त लागलं.

“काका, काकूंना चालत नेऊ या का बाजारापर्यंत? तिथून दुसरी रिक्षा मिळेल.”

“उताराला तिचे पाय लटपटतात. मागे एकदा पडलीय.”

“मग खुर्चीत बसवून?”

त्यांनी नुसतं समोर बोट केलं. टँकर आणि कडेच्या स्कूटर यांच्या मधून मी स्वतः आडवी होऊन आले होते. खुर्ची कुठून जाणार?

“मशीनची वेळ आठची आहे,” ते घड्याळाकडे न बघता म्हणाले. “चुकली की पुढच्या पेशंटला घेतात. मग आपण दुपारपर्यंत बाकावर बसायचं.”

“रोज नाही हो होत असं,” काकू मध्येच म्हणाल्या, जणू गल्लीची बाजू घेऊन. “आठवड्यातून एखाद्या वेळी.”

मी भिंतीला घासत गल्लीच्या तोंडाशी गेले. भाजीच्या टेम्पोवाल्याला हात जोडून मागे घ्यायला लावलं, बाजाराच्या रस्त्यावरच्या रिक्षा थांबवून त्याला जागा करून दिली. मग टॅक्सी. मग व्हॅन, पण व्हॅनमधली मुलं आधी उतरवावी लागली, कारण ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. मुलं एका दुकानाच्या पायरीवर ओळीने उभी केली. शेवटी टँकर. तो उताराला इंच इंच मागे येत होता आणि मी त्याच्या मागे, आरशात दिसेन अशी, हात हलवत उलटी चालत होते. त्याचा ड्रायव्हर सारखा म्हणत होता, “मॅडम, मेरे को भी जाना है, मैं कोई शौक से खड़ा हूँ क्या?” रिक्षा सुटली तेव्हा आठ वाजून गेले होते. गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं नाही. काकूंनी शालीतून उजवा हात काढून थोडासा हलवला.

मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून काढलं. कोणती गाडी किती वाजता आली, कशामुळे थांबली, किती वाजता सुटली. तसं लिहायची आमच्यात पद्धत नव्हती.

ऑफिसात सरांनी तो कागद वाचला आणि उलटा करून पुढची बाजू बघितली.

“आकडे तर कमी आहेत.”

“सर, कमी आहेत कारण गाड्या हलतच नाहीत. त्यात आणखी तीसेक कुटुंबांच्या गाड्या आल्या तर...”

“तुला काय मोजायला सांगितलंय? गाड्या. अडकलेला वेळ मोजायला कुणी सांगितलंय का?”

“नाही.”

“मग? तू उलटं लिहिलंस, तर तो बिल्डर दोन दिवसांत दुसऱ्याकडून लिहून घेईल. काम आपलं जाईल, गल्ली तिथेच राहील.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि ती म्हातारी आहे म्हणालीस ना वर? तिचं काय करणार तू?”

हे त्यांनी बोलायला नको होतं. कारण तेच मला झोंबत होतं. आमची बोरिवलीची इमारत अशीच पाडली होती. तीन वर्षांत नवं घर मिळायचं होतं. कुठल्याशा परवानगीवरून काम थांबलं आणि सहा वर्षं झाली, आम्ही अजून भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. बाबा तिथेच गेले. जायच्या आदल्या महिन्यापर्यंत ते दर रविवारी रिकाम्या प्लॉटच्या पत्र्याच्या फटीतून आत बघून यायचे. आत गवत वाढलेलं. घरी आले की आई विचारायची, “काही सुरू झालं?” ते म्हणायचे, “होईल.” त्या परवानगीचा कागद अडवणाऱ्याला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील. आता तसाच कागद माझ्या टेबलावर होता.

तीन दिवस मी एक ओळ लिहू शकले नाही. आजी दिसायच्या, मग लगेच समोरची रिक्षा दिसायची. कुठल्याही बाजूने विचार करायला लागले, की दुसऱ्या बाजूचं कुणीतरी वाट अडवून उभं असायचं. चौथ्या दिवशी मी लिहिलं. इमारतीला हरकत नाही, पण गेट गल्लीच्या तोंडाजवळ घ्यावं, आवाराची गल्लीकडची भिंत मागे सरकवून दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील एवढी जागा सोडावी, आवारात गाडी वळवायला कोपरा ठेवावा, आणि सकाळी शाळेच्या वेळात बांधकामाचे ट्रक व टँकर आत सोडू नयेत. सोबत त्या सकाळची नोंद.

सरांनी अटी काढल्या. त्या जागी ‘परिणाम नगण्य राहील’ असं वाक्य आलं. नोंद तेवढी काढू नका, मी म्हटलं.

“मग परिशिष्टात टाक, शेवटी. तिथे कोण वाचतंय.”

मी सही केली. कुणी माझा हात धरून करवली नाही. दुपारची वेळ होती, खाली पत्रा कापायचा आवाज चालू होता, मी पेनाचं टोपण काढलं आणि केली. नोंद आत आहे ना, असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी बोरिवलीला जाताना मी बसमधून तीन स्टॉप आधीच उतरले आणि चालत घरी गेले.

महिन्याभराने वॉर्ड ऑफिसात बैठक झाली. एका टेबलाभोवती अधिकारी, बिल्डरचा माणूस, सर, मी आणि समोरच्या सोसायटीतर्फे ते गृहस्थ. त्यांनी रिपोर्टची प्रत आणली होती, पेन्सिलीने खुणा केलेली. अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांनी थेट मला विचारलं, “त्या गुरुवारी तुम्ही गल्लीत होतात ना?”

“होते.”

“मग यात तो गुरुवार कुठे आहे?”

“शेवटच्या पानावर आहे, काका. परिशिष्टात.”

ते तिथपर्यंत पोचले नव्हते. त्यांनी चष्मा लावला आणि वाचत राहिले. सर मोबाइलमध्ये बघत होते. अधिकाऱ्यांनीही आपल्या प्रतीचं शेवटचं पान उघडलं. 

“हे तुम्ही स्वतः पाहिलंत?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“मग मुख्य रिपोर्टमध्ये परिणाम नगण्य असं कसं?”

 सर शेजारीच बसले होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, “ते चुकलंय. ही नोंद पुढे असायला हवी होती. अटीसुद्धा.”

“कोणत्या अटी?”

मला त्या पाठ होत्या. सांगितल्या.

परतताना रिक्षात सर शेजारी बसले होते. असल्फ्याला सिग्नलवर रिक्षा बराच वेळ थांबली, तेव्हा समोर बघतच म्हणाले, “उद्या ऑफिसला ये. आज काही बोलू नको.” मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी मला काढलं नाही, पण त्यानंतर वर्षभर बिल्डरांच्या बैठकांना कधी नेलंही नाही.

अटी घातल्या गेल्या. त्यासाठी नकाशे नव्याने काढावे लागले, परवानग्या पुन्हा फिरल्या आणि काम आठ महिने लांबलं. हे आठ महिने मी विसरू शकत नाही, कारण ते सगळे आजींनी तिसऱ्या मजल्यावर काढले. माझ्या खरं बोलण्याची किंमत त्यांनी भरली, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. मी अधूनमधून फोन करायचे. का लांबलं ते मी एकदा सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ती रिक्षेतली बाय बरी आसा मा?” एवढंच.

घरं रिकामी करायचा दिवस मे महिन्यात आला. आजींच्या मुलाने फोन केला, आई तुमची आठवण काढतेय म्हणाला. मी रजा टाकून गेले. चौघांनी आजींना खुर्चीत बसवलं आणि त्या उंच पायऱ्यांवरून एकेक पायरी उतरवायला सुरुवात केली. आजींनी डोळे घट्ट मिटले होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली, पाय भिंतीला घासायला लागले, कुणालाच हात बदलता येईना. तेव्हा खालून कुणीतरी वर आलं आणि खुर्चीचा पुढचा पाय धरला. ते समोरचे गृहस्थ होते.

“सावकाश घ्या. डावीकडे तिरकी करा,” ते म्हणाले. “आता या.”

खाली टेम्पोत सामान चढत होतं. आजींना तिथेच गल्लीच्या कडेला सावलीत बसवलं. त्यांनी डोळे उघडले आणि मान वर करून आपल्या गॅलरीकडे बघितलं.

“मी इतक्या वर रवत होतंय?”

मग त्या गृहस्थांकडे वळल्या. “बायल खंय आसा?”

“ठाण्याला. मुलीकडे ठेवलीय तिला गेल्या आठवड्यापासून. इथे पाडकाम सुरू झालं की धूळ सोसणार नाही.”

“आणि तू?”

“जागा कुणीतरी सांभाळायला हवी ना. रविवारी जातो.”

आजींनी त्यांचा हात थोपटला. मी बाजूला उभी होते. काकांनी मला नमस्कार केला, मी त्यांना. त्यांनी आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही. त्यांना तेवढी फुरसत नसावी.

आजी आता विरारला भाड्याच्या घरात असतात. तळमजला आहे, दारात उतरता येतं, पण ओळखीचं कुणी नाही. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. घाटकोपरला गेलंस काय, म्हणून विचारतात. परवा मी तिकडून गेले होते. भिंत मागे घेतलीय, गेट खाली आलंय. सांगितलं तसं.

“कितके मजले झाले?”

“सहा झालेत, आजी.”

“म्हणजे माझ्या मजल्याच्या वर गेली.”

“हो.”

पलीकडे दाराची कडी वाजली. मग त्या म्हणाल्या, “सून इली वाटता. ठेवतंय गो.”